संपत आलेली मासळी परत येते का? सोलापुरातल्या एका मासळीवाल्या ताईंना उत्तर

प्रश्न असा आहे: "मी सोलापुरात मासळी विकते. मुंबई-रत्नागिरीकडून बर्फाच्या पेट्यांतून पापलेट येतं. सासूबाई विकायच्या तेव्हा ताटभर यायचं, आता पंजाएवढं येतं आणि भाव मात्र चढाच. दरवर्षी पावसाळ्यात दोन महिने मासेमारी बंद असते, तरी मासा का वाढत नाही? समुद्रातली संपत आलेली मासळी पुन्हा भरते का, की गेली ती गेलीच? आणि उजनी धरणात सोडतात तसं समुद्रात माशांचं बी का सोडत नाहीत?"

ताई, मी नोकरीची बरीच वर्षं कोकणातल्या बंदरांवर उतरणारी मासळी मोजण्यात घालवली. आता सोलापुरात राहतो आणि उजनीवरच्या मच्छीमार सोसायट्यांबरोबर काम करतो. म्हणून तुमच्या प्रश्नाची दोन्ही टोकं माझ्या ओळखीची आहेत.

आधी सरळ उत्तर. परत येते. पूर्ण कोसळलेले साठे पुन्हा भरल्याची उदाहरणं जगात आहेत, आपल्या देशातही आहेत. त्यासाठी मुळात एकच गोष्ट करावी लागते: काही वर्षं मासा कमी मारायचा. बंदीचे महिने, जाळ्याच्या आसाचे (भोकांच्या मापाचे) नियम, राखीव क्षेत्रं, किमान आकार ही सगळी त्या एका गोष्टीकडे जायची साधनं आहेत. यातलं शास्त्र बऱ्यापैकी माहीत आहे. अवघड भाग वेगळाच आहे. साठा भरेपर्यंतच्या वर्षांत मच्छीमाराच्या घरात चूल कशावर पेटायची, हे जिथे ठरवलं गेलं तिथे मासळी परत आली. जिथे ठरवलं नाही, तिथे नियम कागदावर राहिले.

आता जरा सविस्तर सांगतो.

सोलापूरकराला साठ्याचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही. उन्हाळा लागला की आपण रोज पेपरात उजनीची टक्केवारी बघतो. धरणात साधारण ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा आहे. वरचा उपयुक्त साठा संपला की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. पाणी तेव्हाही डोळ्यांना दिसत होतं, पंप चालू होते, पण धरण कुठल्या पातळीला गेलंय हे सगळ्यांना कळत होतं. मासळीच्या प्रत्येक साठ्याला अशीच एक खालची रेघ असते. साठा रेघेच्या वर असेल तर मारलेला मासा पुढच्या पिढ्या भरून काढतात. रेघेखाली गेला की अंडी घालणारे मासेच थोडे उरतात आणि अनुकूल वर्ष आलं तरी पिल्लं पुरेशी निपजत नाहीत. फरक एवढाच की उजनीला पाणी वरून येतं, पुण्याकडे चांगला पाऊस झाला की एका हंगामात धरण भरतं. मासळीची आवक मात्र उरलेल्या साठ्यातूनच होते. म्हणून तिथे रेघ ओलांडण्याची किंमत फार मोठी असते.

ज्या समुद्रात मासेमारीच होत नाही तिथे मासा भरपूर असतो, पण त्याची वाढ मंद असते. जागा आणि खाद्य वाटून जातं, म्हातारे मासे जास्त असतात. थोडी मासेमारी सुरू झाली की उरलेल्यांना खाद्य मिळतं, वाढ जोरात होते. ढोबळमानाने मूळ साठ्याच्या निम्म्याच्या आसपास, काही जातींत त्याहूनही खाली, दरवर्षीची नवी भर सर्वांत जास्त असते. त्या पातळीला साठा ठेवला तर वर्षानुवर्षं सर्वांत जास्त मासळी काढता येते. त्याहून खाली ढकलला की बोटी जास्त फिरतात, डिझेल जास्त जळतं आणि मासा कमी मिळतो. अतिमासेमारी म्हणतात ती हीच. त्यामुळे समुद्र रिकामा होईपर्यंत थांबावं लागत नाही, नुकसान त्याच्या खूप आधी सुरू होतं.

तुम्ही म्हणता तो लहान आकार या नुकसानीची पहिली खूण असू शकतो. मासा पूर्ण वाढायच्या आत मारला जातो, तेव्हा त्याच्या वजनाचा जो फायदा पुढे मिळाला असता तो बुडतो. पाव किलोचं पापलेट वर्षभराने बरंच भरलं असतं, भावही वरच्या प्रतीचा मिळाला असता. हा नुकसानीचा पहिला प्रकार. दुसरा जास्त गंभीर आहे. मोठ्या माद्याच उरत नाहीत आणि वीणच आटते. अनेक जातींत दुप्पट वजनाची मादी दुपटीहून कितीतरी जास्त अंडी देते. म्हणून दहा लहान माद्या राखणं आणि एक जुनी मोठी मादी राखणं या सारख्या गोष्टी नाहीत.

तरी एक खबरदारीची गोष्ट सांगितली पाहिजे. तुमच्या पेटीतल्या मालावरून समुद्राचा निष्कर्ष काढू नका. बंदरावर लिलाव झाला की मोठ्या प्रतीचं पापलेट निर्यातीला आणि मुंबईच्या मोठ्या हॉटेलांना जातं. समुद्रापासून तीन-चारशे किलोमीटर आत, सोलापूरला येतो तो बहुतेक वेळा मधला किंवा खालचा माल. त्यामुळे पेटीतला आकार घटला तर त्यात थोडा समुद्र असतो आणि थोडा व्यापार. मात्र पापलेटासाठी नाव असलेल्या पालघरच्या सातपाटीतले मच्छीमारही तुमचीच तक्रार कितीतरी वर्षं करत आले आहेत, आणि ते तर माल बोटीतून उतरतानाच बघतात. तेव्हा तुमचा अंदाज निराधार नाही.

आता बंदीकडे येऊ. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक बोटींना बंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती १५ एप्रिल ते १४ जून अशी असते. आपल्याकडे तिचे दोन हेतू आहेत. खवळलेल्या दर्यात माणसं जाऊ नयेत हा एक, आणि बऱ्याच जातींच्या विणीच्या काळात त्यांना मोकळीक मिळावी हा दुसरा. केरळात ट्रॉलरवरची, म्हणजे पाण्यातून मोठं जाळं ओढत नेणाऱ्या बोटींवरची, पावसाळी बंदी १९८८ पासून आहे आणि ती आणताना तिथे मोठा संघर्ष झाला होता. बंदी उपयोगी आहे, ती उठवावी असं कुणी म्हटलं तर मी विरोधच करीन. पण बंदीने साठा भरत नाही, याचं कारण साधं आहे. साठ्याला फरक पडतो तो वर्षभरात एकूण किती मासा मेला याने. दोन महिने बोटी थांबल्या आणि उरलेल्या दहा महिन्यांत पूर्वीपेक्षा जास्त बोटी, जास्त ताकदीची इंजिनं, मोठी जाळी, मासळीचा थवा दाखवणारी यंत्रं पाण्यात उतरली, तर वर्षाची बेरीज वाढतेच. शिवाय १ ऑगस्टला आपली सगळी बंदरं एकदमच सुटतात. जूनमध्ये जन्मलेली पिल्लं तोवर बोटाएवढीही झालेली नसतात आणि बारीक आसाच्या जाळ्यात तीच जातात. हा चिल्लर माल बहुतेक तुमच्या बाजारात येतही नाही, तो बंदरावरूनच फिशमीलच्या कारखान्याकडे जातो आणि त्याचं कोंबडीखाद्य किंवा कोळंबीखाद्य होतं. सुरमई, पापलेट, घोळ यांची जी पिल्लं त्या ढिगात असतात, त्यांना किलोमागे कवडीमोल भाव मिळतो. बंदरावर काम करताना मला सर्वांत जास्त त्रास या ढिगाचा व्हायचा. अजूनही होतो.

यावर महाराष्ट्राने २०२३ मध्ये एक चांगलं पाऊल उचललं. ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला. केरळ या वाटेवर आधीपासून होतं. आपल्या यादीत रुपेरी पापलेटासाठी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८०, सुरमईसाठी ३७० असे आकडे आहेत. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा दर्जाही दिला गेला. १३५ मिलिमीटर म्हणजे वीतभरही नाही, तेव्हा ही फार कडक अट आहे असं मुळीच नाही. अडचण अंमलबजावणीची आहे. ट्रॉलरच्या जाळ्यात एका ओढीला पन्नास जाती येतात आणि जाळं वर येतं तेव्हा मासा मेलेला असतो. मेलेला लहान मासा समुद्रात परत टाकून साठ्याला काही मिळत नाही. त्यामुळे आकाराचा नियम जाळ्यातच बसवावा लागतो. नेहमीच्या जाळ्याचा शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ पडली की मिटतो, मग आस कितीही मोठा लिहिलेला असो, पिल्लू बाहेर पडू शकत नाही. जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत चौकोनी आस लावला तर तो ओढीतही उघडा राहतो आणि लहान मासा जिवंत निसटतो. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने यावर भरपूर काम केलेलं आहे. खर्चही बोटीच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ आहे. तरी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, तो लावायला नाखूश असतो, कारण शेजारची बोट लावत नाही. आपण सोडलेलं पिल्लू दुसऱ्याच्या जाळ्यात जाणार असेल तर आपण का सोडावं, हा त्याचा सवाल. तो खोटा नाही. अतिमासेमारीचं मूळ या सवालात आहे.

न्यूफाउंडलंडची गोष्ट मी प्रत्येक सोसायटीच्या बैठकीत सांगतो, इथेही सांगतो. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या बेटाची सगळी वस्तीच कॉड नावाच्या माशावर उभी राहिली. शेकडो वर्षं होडीतून, गळाने आणि जाळ्याने कॉड पकडला जात होता आणि साठा टिकून होता. १९५० नंतर युरोपातून प्रचंड मोठे, बोटीवरच मासा गोठवणारे ट्रॉलर आले. १९६८ मध्ये या एका साठ्यातून सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. १९७७ मध्ये कॅनडाने आपलं क्षेत्र २०० सागरी मैलांपर्यंत वाढवून परदेशी बोटी बाहेर काढल्या. सगळ्यांना वाटलं, आता बरे दिवस आले. पण रिकाम्या झालेल्या जागी देशाचेच ट्रॉलर उतरवले गेले.

१९८० च्या दशकात किनाऱ्याजवळचे छोटे मच्छीमार सांगत होते की मासा लहान होतोय, कमी होतोय. सरकारी आकडे मात्र साठा ठीक असल्याचं दाखवत होते. असं का झालं, ते प्रत्येक मच्छीमाराने समजून घ्यावं असं आहे. कॉडचा साठा आटला तसा उरलेला मासा थोड्या जागेत गोळा झाला. ट्रॉलरांकडे तो शोधायची यंत्रं होती. ते बरोबर त्याच जागी जात आणि जाळं भरून येई. प्रत्येक फेरीला मासा मिळतोय म्हणजे समुद्रात मासा आहे, असा हिशोब लावला गेला. शेवटचा थवा संपेपर्यंत फेरी भरतच राहिली. २ जुलै १९९२ ला सरकारने मासेमारी बंद केली. सुमारे ३० हजार लोकांचं काम एका दिवसात गेलं. बंदी दोन वर्षांची जाहीर झाली होती. ती पूर्णपणे उठवली गेली २०२४ मध्ये, ३२ वर्षांनी, आणि तेव्हा वर्षाची मर्यादा ठरली १८ हजार टन. १९६८ च्या ८ लाख टनांशी ती ताडून बघा.

इतका वेळ का लागला? साठा फार खाली गेला होता हे एक कारण. कॉड मंद वाढतो आणि उशिरा वयात येतो हे दुसरं. तिसरं कारण असं की कॉडचं खाद्य असलेला कॅपेलिन नावाचा लहान मासाही त्याच सुमाराला कोसळला. फक्त कॉड मारणं थांबवून भागलं नाही, त्याचं ताट रिकामं होतं. आपल्याकडे मोठ्या माशाचा विचार करताना जवळा, मांदेली, तारली यांच्याकडे दुर्लक्ष होतं. सुरमई आणि घोळ ज्यांवर जगतात ती लहान मासळी सगळी उपसली, तर मोठी परत यायची कशी?

याउलट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्ट्राइप्ड बास या माशाचं उदाहरण घ्या. चेसापीक उपसागरात तो जवळजवळ संपत आला होता. १९८२ मध्ये जन्मलेली एक पिढी बरी निघाली. किनाऱ्यावरच्या राज्यांनी ठरवलं की या एका पिढीतल्या बहुतेक सगळ्या माद्या किमान एकदा अंडी घालेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मेरीलंड राज्याने १९८५ मध्ये मासेमारी पूर्ण बंद केली, ती १९९० मध्ये मर्यादित स्वरूपात उघडली आणि १९९५ मध्ये साठा भरल्याचं जाहीर झालं. दहा वर्षांत. इथे तीन गोष्टी जुळल्या: लवकर हालचाल झाली, लक्ष्य एका वाक्यात सांगता येण्याजोगं होतं आणि शेजारच्या राज्यांनी एकत्र निर्णय घेतला. पुढे ढिलाई झाली आणि २०१९ च्या पाहणीत हाच साठा पुन्हा अतिमासेमारीच्या यादीत आला. एकदा भरला म्हणजे काम संपलं असं होत नाही.

शेजारची राज्यं हा मुद्दा आपल्यालाही लागू आहे. पापलेट गुजरात आणि महाराष्ट्र दोन्हींच्या पाण्यात फिरतं, त्याला हद्द माहीत नाही. राज्याचा कायदा चालतो तो किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत. त्यापुढे केंद्राचं क्षेत्र. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा आहे, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड बरेच वाढले. २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांच्या (थव्याला वेढून खालून आवळायच्या मोठ्या जाळ्यांच्या) क्षेत्रावर, हंगामावर आणि संख्येवर मर्यादा आली. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या झोतातली मासेमारी बंद केली. म्हणजे कायदे आहेत. रात्री समुद्रात उजेड दिसला तर पकडायला गस्तीची बोट लागते, ती चालवायला माणसं आणि डिझेल लागतं. या ठिकाणी आपण कमी पडतो.

राखीव क्षेत्राबद्दलही लोक विचारतात. समुद्राचा एखादा भाग पूर्ण बंद ठेवला तर काय होतं? मेक्सिकोतल्या काबो पुल्मो गावाने हे करून दाखवलं. तिथे १९९५ मध्ये सागरी उद्यान झालं आणि स्थानिक मच्छीमार कुटुंबांनीच मासेमारी सोडून पर्यटकांना मासे दाखवण्याचा धंदा धरला. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तिथल्या माशांचं एकूण वजन चौपटीहून जास्त वाढलं. पण याच उपायाची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेत जॉर्जेस बँक या भागातले मोठे पट्टे १९९४ च्या डिसेंबरमध्ये कॉडसारखे तळाचे मासे वाचवण्यासाठी बंद केले. कॉड काही सावरला नाही. त्याच तळावर बसून असणारे स्कॅलप नावाचे शिंपले मात्र चारच वर्षांत भरमसाट वाढले आणि पुढे पाळीपाळीने पट्टे उघडून त्यांची मोठी मासेमारी उभी राहिली. शिंपला जागचा फारसा हलत नाही, त्याला बंद पट्ट्याचं पूर्ण संरक्षण मिळतं. फिरणारा मासा पट्ट्याबाहेर पडला की मारला जातो. म्हणून जात बघून उपाय निवडावा लागतो. कोकणात खाडीतल्या तिसऱ्या (लहान शिंपल्या) आणि कालवं यांना राखीव जागेचा जितका फायदा होईल, तितका बांगड्याला होणार नाही.

तिसऱ्यांवरून केरळच्या अष्टमुडीची आठवण झाली आणि ते उदाहरण मला सर्वांत जवळचं वाटतं. कोल्लमजवळच्या या खाडीत तिसऱ्या काढून विकण्याचा धंदा १९८० च्या दशकात निर्यातीमुळे एकदम फुगला. १९९१ मध्ये १० हजार टनांपर्यंत गेला आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर आला. तेव्हा मच्छीमार, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून नियम ठरवले: डिसेंबर ते फेब्रुवारी विणीच्या काळात बंदी, जाळ्याच्या आसाला किमान माप, यंत्राने उपसायला मनाई आणि फार बारीक मांस निर्यातीला न घेणं. शेवटचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. खरेदीदारानेच लहान माल नाकारला, मग पाण्यात पोलीस उभा करावा लागत नाही. साठा टिकला आणि २०१४ मध्ये मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या संस्थेचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्र मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी ठरली.

सगळा दोष मच्छीमाराच्या माथी मारू नये, हेही मला ठासून सांगायचंय. केरळात २०१२ मध्ये तारली जवळपास ४ लाख टन उतरली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्या आसपास आली. पुढच्याच वर्षी पुन्हा लाखाच्या घरात गेली. इतकी मोठी चढउतार फक्त जाळ्यांनी होत नाही. तारलीचं आयुष्य लहान, ती वरच्या पाण्यात राहते आणि तिचं खाद्य खालून वर येणाऱ्या थंड पाण्यावर अवलंबून असतं. समुद्र तापला, एल निनोचं वर्ष आलं, की वीण फसते. पण अशा वाईट वर्षातही पिल्लं तेवढ्याच जोराने मारत राहिलं, तर साधी घट कोसळण्यात बदलते. पेरूच्या अँचोवीचं १९७२-७३ मध्ये हेच झालं. निसर्गाने हात आखडता घेतला की माणसानेही घ्यायचा असतो.

बी सोडण्याबद्दल तुम्ही विचारलंत. उजनीत कटला, रोहू, मृगळ यांची मत्स्यबोटुकली सोडावी लागते, कारण या नदीतल्या जाती आहेत. विणीसाठी त्यांना वाहतं पाणी लागतं, धरणाच्या उभ्या पाण्यात त्यांची वीण नीट होत नाही. पाणी बंदिस्त असल्यामुळे सोडलेलं बी निदान आपल्याच जलाशयात राहतं. तिथेही वडापसारख्या बारीक जाळ्यांनी ते वाढायच्या आत उपसलं तर सोडून उपयोग काय, हे भीमेकाठचे आमचे लोक रोज बघतात. समुद्रात प्रश्न वेगळा आहे. एक मोठी मादी लाखो अंडी देते. आपण उबवणी केंद्रात जितकं बी करू, त्याच्याहून कितीतरी जास्त काम थोड्या मोठ्या माद्या जिवंत राहिल्या तर फुकटात होतं. शिंपले, कालवं अशा बसून राहणाऱ्या प्राण्यांत बी टाकण्याला अर्थ आहे. किनाऱ्यावर सिमेंटचे कृत्रिम खडक टाकतात तेही योग्य जागी चांगले आहेत, पण त्यांच्याभोवती मासेमारीला आवर नसेल तर ते मासा गोळा करून देणारी सोय ठरतात.

मग आपल्या समुद्राची एकंदर स्थिती काय? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये देशातल्या १३५ साठ्यांचं मूल्यमापन केलं आणि ९१.१ टक्के साठे टिकाऊ स्थितीत असल्याचं सांगितलं. जागतिक चित्र याहून वाईट आहे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या हिशोबात १९७४ मध्ये सुमारे १० टक्के साठे अतिमासेमारीखाली होते, २०२१ मध्ये ३७.७ टक्के. आपला आकडा ऐकून कोळीवाड्यातला माणूस चिडतो, कारण त्याच्या बोटीत मासा येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. समुद्रात मासा तितकाच आहे, पण तो पूर्वी जितक्या बोटींत वाटला जायचा त्याच्या दुप्पट बोटींत वाटला गेला, तर साठा ठीक आणि प्रत्येक घर तोट्यात. म्हणून साठा मोजण्याबरोबर एका बोटीच्या फेरीमागे काय मिळतं आणि डिझेल किती जळतं हेही मोजलं पाहिजे. माझ्या मते महाराष्ट्रातला खरा प्रश्न बोटींच्या संख्येचा आणि ताकदीचा आहे, आणि त्यावर बोलायला कुठलाही पुढारी तयार नसतो.

बोटी कमी करायच्या म्हणजे कुणाच्या? इथे चर्चा थांबते. कॅनडाने कॉड बंद केल्यावर मच्छीमारांना आणि कारखान्यांतल्या कामगारांना वर्षानुवर्षं मदत दिली, १९९४ च्या एका योजनेवरच सुमारे १९० कोटी डॉलर खर्च झाले. साठा वेळेत राखला असता तर यातला बहुतेक खर्च टळला असता. आपल्याकडे बंदीच्या काळासाठी जी बचत-सह-मदत योजना आहे, तिच्यात मच्छीमाराचे स्वतःचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून तीन महिन्यांचे ४५०० रुपये होतात. खलाशाच्या घराला महिना १५०० रुपये. या रकमेत कुणाचं घर चालत नाही, आणि या रकमेवर कुणाला "अजून तीन वर्षं जाळं बांधून ठेव" असं सांगायचा नैतिक अधिकार आपल्याला नाही. सातपाटी किंवा हर्णैसारख्या बंदरात एखादी सोसायटी पापलेटाची पिल्लं तीन वर्षं वाचवायला तयार झाली, तर त्या काळातलं नुकसान भरून द्यायला रोख पैसा बाजूला काढलेला हवा. डिझेलवर आणि नव्या बोटींवर दिल्या जाणाऱ्या सवलतींतला काही भाग तिकडे वळवला तरी सुरुवात होईल. मासा वाढल्यावर जास्त मिळकत होणार ती त्याच लोकांना, ज्यांनी वाट बघितली, हेही आधी लिहून दिलेलं हवं. नाहीतर एक गाव उपास करील आणि बाहेरची बोट येऊन जेवून जाईल.

किती वर्षं लागतात हेही तुमच्या मनात असेल. तारली, बांगडा, बोंबील अशी लवकर वाढणारी मासळी संधी मिळाली तर दोन-तीन वर्षांत फरक दाखवते. पापलेट, सुरमई यांना त्याहून थोडा जास्त धीर लागतो. घोळसारख्या मोठ्या माशांना आणखी वेळ द्यावा लागतो. मुशी (शार्क), पाकट यांना तर फार वर्षं लागतात, कारण त्यांना पिल्लंच थोडी होतात आणि ती वयात यायला वेळ घेतात. त्यामुळे मुशीचं लहान पिल्लू विकायला आलं तर ते नाकारण्याचा आग्रह मी सर्वांत आधी धरीन.

तुम्ही सोलापुरात बसून काय करू शकता? अष्टमुडीत खरेदीदाराने जे केलं, ते. ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत पिल्लांचा माल जास्त येतो. तुमच्या व्यापाऱ्याला फोनवर स्पष्ट सांगा की १३५ मिलिमीटरच्या खालचं पापलेट पेटीत भरू नका, आलं तर परत. गाड्यावर शाळेची पंधरा सेंटिमीटरची पट्टी ठेवा. सोलापुरातल्या चार-पाच विक्रेत्यांनी मिळून हे सांगितलं तर व्यापारी ऐकतो, एकट्याने सांगितलं तर तो दुसऱ्याला विकतो. गिऱ्हाईक लहान पापलेट स्वस्त म्हणून मागेल, त्याला त्या दिवशी उजनीची चिलापी किंवा कटला द्या. ताजी असते, जवळची असते.

आणि एक वही ठेवा. महिना, कुठल्या बंदराचा माल, एका किलोत किती नग बसले, एवढंच लिहा. बंदराचं नाव लिहिलंत तरच त्या आकड्याला किंमत आहे, म्हणून ते विसरू नका. दोन हंगामांची वही झाली की मला दाखवा, मी ती बंदरावरच्या मापांशी लावून बघीन आणि काय निघतं ते तुम्हाला सांगीन.